अचला पृथ्वी आणि येरवड्याचा दगड

येरवड्याचे नाव निघाले की पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम तुरुंग उभा राहतो. १९३२ च्या सप्टेंबर महिन्यात गांधीजींचे उपोषण आणि त्यातून निघालेला पुणे करार ह्याच तुरुंगात घडला, आणि त्यामुळे देशाच्या इतिहासात येरवड्याला एक पान कायमचे मिळाले. आज आम्हाला ज्या इतिहासाविषयी बोलावयाचे आहे त्यात मात्र उपोषण नाही, करार नाही आणि राजेरजवाडेही नाहीत. तो त्या तुरुंगाच्या भिंतीतल्या दगडाचा इतिहास आहे. वांड मुलाला ‘येरवड्याला खडी फोडायला जाशील’ असा दम पूर्वी घरोघरी दिला जात असे. ती खडी ज्या खडकातून फोडली जाते तो कशाचा झाला, तो कशावर टेकलेला आहे आणि तो खरोखर जागचा हलत नाही काय, हा आमचा आजचा विषय होय.

मुळा-मुठेच्या काठी उभे राहून पाहिले तर ह्या दगडाची तीन ठळक कामे आपल्या नजरेत भरतात. डेक्कन कॉलेजच्या इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते १५ ऑगस्ट १८६४ रोजी बसली व १८६८ साली कॉलेज तेथे राहावयास गेले. बंडगार्डनजवळचा फिट्झजेराल्ड पूल १८६९ साली वाहतुकीस खुला झाला. आणि तुरुंग १८७१ सालचा. सात-आठ वर्षांच्या अवधीत विद्येचे घर, नदीवरचा पूल आणि बंदिवानांचा कोट अशी तीन परस्परभिन्न कामे एकाच जातीच्या काळ्या पाषाणात उभी राहिली. बांधणाऱ्यांनी हा दगड निवडला त्याचे कारण उघड आहे. तो जवळ मिळतो, कठीण आहे, आणि दगडासारखे स्थिर दुसरे काही नाही अशी सर्वांची खात्री होती. अमरकोशाने पृथ्वीची नावे सांगताना ‘अचला’ व ‘स्थिरा’ ही नावे दिली आहेत. ह्या दोन नावांवरचा विश्वास कसा ढळत गेला, आणि तो ढळविण्यात आमच्या दख्खनच्याच दगडाने केवढी साक्ष दिली, ते पाहण्यासारखे आहे.

ह्या दगडाची पहिली ओळख शास्त्रज्ञांनी करून घेतली नाही. ती वडार आणि पाथरवट यांनी करून घेतली. पुण्याच्या आसपासची कोणतीही खाण पाहा. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम, मुरमात गोल गोटे, मग अखंड काळा कातळ. आणखी खाली गेले की भोके पडलेला मऊ खडक लागतो, त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. कोठे कोठे त्याच्या माथ्यावर विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा असतो. आणि मग पुन्हा पहिल्यासारखाच काळा कातळ. छिन्नी कोठे लागेल, घण कोठे उसळेल आणि पायऱ्यांना कोणता दगड घ्यावा, हे त्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कार्ल्याचे चैत्यगृह आणि वेरूळचे कैलास लेणे कोरणारे हात ह्याच दगडाशी झुंजले. हा क्रम पुन्हा पुन्हा का येतो, एवढाच प्रश्न शास्त्राला विचारावयाचा उरला होता.

तो प्रश्न विचारणाऱ्या आरंभीच्या मंडळींत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव येते. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई सरकारने दख्खनच्या मुलखाची सर्व प्रकारची मोजदाद करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले होते. लोकसंख्या, पिके, पक्षी, मासे ह्यांच्याबरोबर त्यांनी डोंगरांकडेही पाहिले आणि १८३० नंतरच्या काही वर्षांत दख्खनच्या खडकांचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे ठेवले. ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव रूढ होण्यास त्यांच्या लेखनाचा मोठा हातभार लागला. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. सिंहगड, पुरंदर किंवा दिवेघाटाचा डोंगर लांबून पाहिला तर हे नाव किती सार्थ आहे ते कळते. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशी जिन्यासारखी रचना थेट माथ्यापर्यंत गेलेली दिसते.

ह्यातील एकेक पायरी म्हणजे तप्त शिलारसाचा एकेक लोट होय. लोट पसरला की त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात. वरचा भाग सच्छिद्र होतो, तोच मांजऱ्या. आतला भाग सावकाश थिजतो, तो घट्ट कातळ. दोन लोटांच्या मध्ये जेथे काही काळ लोटला तेथे खालच्या लोटाचा माथा ऊनपावसाने झिजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लोटाच्या आचेने ती भाजून तांबडी पडली. म्हणजे खाणीतला तो तांबडा पट्टा हे मध्यंतर आहे. बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरल्या. येरवड्यावरून नगर रस्त्याने निघाले की वाघोली लागते. तेथील खाणींत कॅव्हन्साइट नावाचे गर्द निळे स्फटिक सापडतात आणि १९८० नंतरच्या दशकापासून जगभरच्या संग्रहालयांत ते मानाने ठेवले जातात. खडी फोडणाऱ्या मजुराच्या घणाखाली निघालेली ही निळी चांदणी शिलारसातल्या एका बुडबुड्याचे घर आहे!

ह्या लोटांचा पसारा केवढा? आज दख्खनचा हा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकून बसला आहे. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे ठरले आहे, आणि त्यातील बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला असे अलीकडची मोजमापे दाखवितात. एखाद्या शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून हे झालेले नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस वाहत राहिला. म्हणूनच महाराष्ट्रात ज्वालामुखीचे डोंगर दिसत नाहीत, आणि तरीही आपण सारे ज्वालामुखीच्या राशीवर संसार थाटून बसलो आहोत.

आता ह्या दगडाच्या घडणीकडे वळू. अमेरिकन रसायनज्ञ हेन्री वॉशिंग्टन यांनी १९२२ साली दख्खनच्या दगडांची पृथक्करणे प्रसिद्ध केली. वजनाने जवळजवळ निम्मा भाग सिलिका, म्हणजे वाळूचे जे मूळ द्रव्य ते. बाकीच्यात ॲल्युमिनियम, लोह, चुना आणि मॅग्नेशियम ह्यांची संयुगे. लोहाचे प्रमाण भरपूर, म्हणून दगड काळा, जड, आणि झिजला की तांबूस. ह्याच दगडाची झीज होऊन आपल्या कापसाची काळी जमीन झाली. पृथ्वीच्या एकंदर कवचाचा हिशेब मांडला तर वजनाने सुमारे ४६ टक्के प्राणवायू, २८ टक्के सिलिकॉन आणि ८ टक्के ॲल्युमिनियम असा लागतो. जो वायू आपण श्वासाबरोबर घेतो तोच बांधला जाऊन दगडाचा जवळजवळ निम्मा भार झालेला आहे, ही गोष्ट ऐकताना नवल वाटते, पण ती खरी आहे.

परंतु दख्खनचा दगड म्हणजे पृथ्वीचे कवच नव्हे. ही केवळ वर पांघरलेली गोधडी होय. सिंधुदुर्गात, नांदेडकडे देगलूरच्या बाजूस, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीत ही गोधडी नाही, आणि तेथे खालचे मूळ अंग उघडे दिसते. ते ग्रॅनाइट व नाइस ह्या फिकट, हलक्या आणि फार पुरातन खडकांचे आहे. येरवड्याच्या खाली खोल गेलो तरी अखेर तेच अंग लागणार. मग त्याच्याही खाली काय? येथपर्यंत घण आणि पहार पोचत नाही. पुढचा शोध लागला तो एका ओळंब्याने.

ओळंबा म्हणजे गवंड्याचे सर्वांत साधे हत्यार. दोरीला वजन बांधले की ती सरळ खाली लोंबते, असे आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कर्नल लॅम्बटन यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेतून सुरू केली. हे काम करीत असतानाच १८२३ च्या जानेवारीत ते आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटास वारले. त्यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तेव्हा माळव्यातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना ह्या दोन ठाण्यांमधील अंतर साखळीने व त्रिकोणांनी काढले तर एक येई आणि ताऱ्यांच्या वेधांनी काढले तर दुसरे. फरक अवघ्या सव्वापाच विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांचा होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. पण मोजणीचे काम इतके काटेकोर होते की त्याचे कारण शोधणे भाग पडले.

कलकत्त्याचे धर्मोपदेशक जॉन प्रॅट हे उत्तम गणिती होते. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असले पाहिजे, म्हणून ताऱ्यांचे वेध चुकतात, असे त्यांनी ताडले. पण हिशेब केला तेव्हा ओढ सुमारे सोळा विकलांची यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती एकतृतीयांशच होती. हिमालय दिसतो तेवढा वजनदार का ठरेना? १८५५ साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचविले. पाण्यावर ओंडके तरंगत असले तर जो ओंडका जास्त वर दिसतो त्याचा बुडालेला भागही जास्त असतो. त्याचप्रमाणे पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ गेलेले आहे, आणि त्या मुळाने तेथील जड द्रव्य बाजूला सारले आहे. म्हणजे पर्वत पृथ्वीवर ठेवलेले नाहीत, ते तरंगत आहेत! अचला पृथ्वीला बसलेला हा पहिला धक्का, आणि तो हिंदुस्थानातल्या ओळंब्याने दिला.

दुसरी साक्ष भूकंपांनी दिली. १८९७ साली आसामात फार मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली सुरू झाली होती. त्यांचे पुत्र रिचर्ड ओल्डहॅम त्याच संस्थेत होते. त्यांनी ह्या भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला आणि दूरदूरच्या यंत्रांवर उमटलेल्या लहरी वेगवेगळ्या जातींच्या आहेत हे दाखविले. त्यातूनच पुढे १९०६ साली पृथ्वीच्या पोटात एक निराळा गाभा आहे असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९०९ मध्ये, क्रोएशियात झाग्रेबजवळ एक भूकंप झाला. तेथील शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांच्या लक्षात आले की दूरच्या ठाण्यांवर एकाच धक्क्याच्या लहरी दोन वेळा पोचल्या आहेत. काही लहरी वरच्या वाटेने सावकाश आल्या आणि काही खालच्या, अधिक घट्ट खडकातून वेगाने पुढे निघून आल्या. कवच कोठे संपते ती सीमा अशी सापडली. तिच्यावर भूकवच, तिच्याखाली प्रावरण.

आमच्या भागात ही सीमा किती खोल आहे? १९७० नंतरच्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने कोयना प्रदेशात दोन लांब रेषांवर जमिनीत स्फोट घडवून त्यांच्या लहरी मोजल्या. एक रेषा गुहागरकडून पूर्वेस गेली होती आणि दुसरी केळशीपासून लोणीपर्यंत. सीमा सुमारे ३६ ते ४० किलोमीटर खोल निघाली. समुद्राच्या तळाशी हे कवच अवघे सहा-सात किलोमीटर असते आणि हिमालय-तिबेटाखाली सत्तर किलोमीटरांपर्यंत जाते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे हे ध्यानात घेतले तर आपल्या पायांखालचे कवच म्हणजे भाकरीचा पापुद्रासुद्धा त्यापुढे जाड म्हणावा लागेल.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. भूकवच आणि शिलावरण हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते एक नव्हेत. भूकवच हा भेद द्रव्याचा आहे. वरचे खडक हलके, खालचे जड. शिलावरण हा भेद बळाचा आहे. जोसेफ बॅरेल यांनी १९१४ साली तो स्पष्ट केला. भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड भाग मिळून एक ताठ फळी बनते. तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी, पण ढोबळ मानाने शंभर किलोमीटर, आणि जुन्या भूखंडांखाली पुष्कळ ठिकाणी त्याहूनही अधिक. ते शिलावरण. त्याखालचा खडकही घनच आहे, पण उष्णतेने नरमलेला. डांबराचे उदाहरण घ्या. पौषातल्या पहाटे त्यावर हातोडा मारला तर ते फुटते. वैशाखातल्या दुपारी तेच डांबर दाबाखाली सरकते. द्रव्य एकच, उष्णतेने बळ बदलले. त्या नरम थराला दुर्बलावरण म्हणतात, आणि शिलावरणाच्या फळ्या त्यावरून सरकू शकतात.

सरकू शकतात हे झाले; पण त्या खरोखर सरकल्या हे कशावरून? ह्या प्रश्नाची एक वाट नागपुरावरून जाते. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४० नंतरच्या दशकात नागपुरास आले आणि त्यांनी तेथील खडकांतील वनस्पतींचे ठसे जमविले. त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती होती. तीच पुढे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अखेर अंटार्क्टिकातही मिळाली. सर्वेक्षणातील मेडलिकॉट यांनी १८७२ साली ह्या खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले, आणि ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी त्यावरून दक्षिणेकडील एका लुप्त महाखंडाला ‘गोंडवनभूमी’ म्हटले. विदर्भाच्या जंगलातले नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रात गेले. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९१२ साली सांगितले की ही खंडे एकेकाळी जोडलेली होती आणि मग दूर सरकली. बहुसंख्य विद्वानांनी त्यांची थट्टा केली. दगडावरून दगडाचे खंड सरकणार कसे, आणि ढकलणार कोण, हा त्यांचा आक्षेप अगदीच पोरकट होता असे नाही.

ह्या वादात आमचा काळा दगड साक्षीला उभा राहिला. त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. शिलारस थंड होताना, सुमारे ५८० अंशांच्या खाली आला की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला वळून तेथेच गोठतात. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी अधिकाधिक कलते. तेव्हा दगडातील गोठलेल्या सूचीचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे कळते. १९५० नंतर दख्खनचे नमुने इंग्लंडात गेले. केंब्रिजमध्ये अर्व्हिंग यांनी, आणि क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी त्यांची मापे घेऊन १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे चालविले. उत्तर असे आले की हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांच्या आसपास थिजलेला आहे. येरवडा आज उत्तर अक्षांश साडेअठरावर आहे. म्हणजे ही खाण पाच हजारांच्या घरात किलोमीटर उत्तरेकडे आली आहे. डेक्कन कॉलेजच्या प्रत्येक चिऱ्यात ह्या प्रवासाची नोंद गोठलेली आहे.

ह्यानंतर दहा-बारा वर्षांत शास्त्राचे चित्रच पालटले. १९६२ साली हॅरी हेस यांनी समुद्रतळ मधोमध फाटून नवा होत असतो असे मांडले. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याला चुंबकीय पुरावा दिला, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेल्या मापांत आमच्या अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग या बुडालेल्या डोंगररांगेची मापे होती. १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन व ल पिशाँ यांनी सारे शिलावरण थोड्या मोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे आणि ते सतत सरकत आहेत, हा सिद्धांत पुरा केला. व्हेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात वारल्याला तोवर सदतीस वर्षे होऊन गेली होती.

मॅकेन्झी व पार्कर यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो ३० डिसेंबर १९६७ रोजी. त्याच्या एकोणीस दिवस आधी, ११ डिसेंबरच्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, कोयनानगर हादरले. आमच्याकडील शहाणपण तोवर असे होते की हिमालय अस्थिर आहे, पण दख्खनचे पठार हा ‘स्थिर भूखंड’ आहे. पाठ्यपुस्तकांत हेच होते. १९६२ साली कोयनेच्या धरणात पाणी साठू लागल्यापासून तेथे लहान धक्के जाणवत होते, आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने १९६३ मध्ये यंत्रेही बसविली होती. पण एवढा मोठा धक्का येईल असे कोणाला वाटले नव्हते. त्याची प्रत ६.३ होती. सुमारे १८० माणसे दगावली, १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, आणि पुणे-मुंबईची माणसे अंथरुणातून उठून अंगणात आली. धरणाच्या पाण्याचा भार आणि त्याचा खडकांतील भेगांमध्ये झिरपणारा दाब ह्यांनी आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त दिले, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ताण मात्र धरणाचा नाही. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण पाठीमागच्या साऱ्या पठारात भरतो.

कोयनेला धरण तरी होते. २६ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर किल्लारीला असे मोठे धरण नव्हते. गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपी गेली होती. चार वाजण्यास चार मिनिटे असताना ६.२ प्रतीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. ही प्रत काही विलक्षण नव्हे. जगात तिच्याएवढे भूकंप दर वर्षी होतात. मग एवढी हानी का झाली? तिथली घरे दगड आणि माती यांची होती. भिंती दोन-दोन हात जाड, आत-बाहेर दोन थर आणि मध्ये भर, वर मातीचे जड माळवद. दगड भक्कम होता, पण दगडाला दगड बांधलेला नव्हता. आणि नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ज्या भूमीला स्थिरा म्हटले तिच्यावर घर बांधताना हलण्याचा विचार कोण करणार! आम्हाला असे वाटते की किल्लारीत माणसे जशी भूकंपाने मेली तशी एका समजुतीनेही मेली.

त्यानंतरची शोधयात्रा आता खडकाच्या पोटात शिरली आहे. किल्लारीला भोक पाडून पाहिले तेव्हा काळ्या पाषाणाची गोधडी अवघी ३३८ मीटर जाड निघाली. तिच्याखाली तेच पुरातन नाइस. कोयनेजवळ गोठणे येथे २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल छिद्र नेण्यात आले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटरवर पाषाण संपून ग्रॅनाइटी खडक सुरू झाला. भूकंप जन्मतात ते ह्या खालच्या अंगात, त्याच्या जुन्या भेगांवर. वरच्या पाषाणाने त्या भेगा झाकून टाकल्या आहेत, म्हणून डोळ्यांना त्या दिसत नाहीत आणि मन निश्चिंत राहते. कराडच्या संशोधन केंद्रात हे खडकाचे नमुने जतन करून तपासले जातात. इतके होऊनही अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल असे कोणी सांगू शकत नाही, आणि सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग ह्या साऱ्या ज्ञानाचा नागरिकाला उपयोग काय? उपयोग हाच, की आपण आपले घर बांधताना भूमीला अचला समजू नये. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधून मधून घालणे, दारा-खिडक्यांच्या वर घराला चौफेर फिरणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा बसविणे, छपराचा भार हलका करणे, ह्या गोष्टी कोणत्याही गवंड्याला जमण्यासारख्या आहेत. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात त्या मराठवाड्यातील गवंड्यांना शिकविल्या गेल्या. २००२ साली विभागांचा नकाशा सुधारला तेव्हा सर्वांत निर्धास्त असा पहिला विभागच रद्द झाला, आणि पुणे तिसऱ्या विभागात गणले गेले. नकाशा बदलला, आपली सवय बदलली की नाही, हे पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याला अथवा उपनगरातील घाईघाईने चढलेल्या मजल्यांना विचारावे.

१८६४ साली डेक्कन कॉलेजची कोनशिला बसली त्याला आता एकशे साठ वर्षे होऊन गेली. वर्षाला पाच सेंटीमीटर हा हिशेब धरला तर ती इमारत, तिच्याखालची टेकडी, तुरुंग, पूल आणि नदी ह्यांच्यासह तेवढ्या काळात सुमारे आठ मीटर ईशान्येकडे सरकली आहे. तरीही चिरा चिऱ्यावरून ढळलेला नाही, कारण सारे एकत्र सरकले आणि बांधणाऱ्याने दगडाला दगड नीट सांधला होता. पृथ्वीला आपण अचला म्हणत राहिलो तर त्यात भाषेचे काही बिघडत नाही. बांधकामाचा आराखडा मात्र ती चालते आहे हे धरूनच काढावा लागेल.